एक बोट ब्रेकवर

उताराच्या तोंडावर नंदूदादानं माझी बोटं ब्रेकवरून सोडवली, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

झोपेत गेला. हार्ट. आख्ख्या घाटात ज्याला दम लागला न्हाई, तो अंथरुणात गेला. यावरून वर्षभर देवाशी भांडलोय. आज न्हाई भांडणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदूदादा पेडगावच्या शाळेत मास्तर होता. आणि ऋतुजाचा मोठा भाऊ.

ऋतुजा कोण, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. मीच सगळ्या परभणीला सांगून ठेवलंय.

इंजिनिअरिंग मी सेकंड इयरला सोडलं. सरांशी वाजलं, बॅग उचलली, घरी आलो. पप्पांनी बोलणं टाकलं. त्याच आठवड्यात दादा आमच्या दारात उभा.

वाटलं, बहिणीवरून मारायला आलाय. मी बाह्या वर केल्या.

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं आन् विचारलं, "सायकल चालवतोस का रे, हिरो?"

रेस होती. सह्याद्रीत, चार दिवसांची, माउंटन बाईकची. भाग घ्यायचा तो जोडीनंच. दोघांनी चारही दिवस पुरे केले, की त्या जोडीच्या नावावर एका माणसाला कृत्रिम पाय मिळणार.

आमच्या वाट्याला पेडगावच्याच सखुमावशी. शुगरनं गुडघ्याखाली पाय गेलेला. भेटायला गेलो तर म्हणाल्या, "माझ्या एका पायापाई तुमचे चार मोडून घेऊ नका, बाबांनो."

आता आपल्याकडं घाट कुठाय? परभणी म्हणजे ताट. उड्डाणपूल हाच आपला डोंगर.

दादानं डोकं लावलं. सायकलीमागं जीपचा जुना टायर बांधायचा आणि गंगाखेड रोडला वाऱ्याच्या तोंडावर ओढायचा. लोक गाडी थांबवून विचारायचे, टायर इकायला चाललाव का. मी खवळायचो. दादा म्हणायचा, हो, घेता का.

गंगाखेडच्या पलीकडं थोड्या टेकड्या आहेत. तिथंही टायर ओढत वर जायचो. येताना मात्र सायकल हातात धरून चालत. बसून आलो असतो तर टायरच आधी घरी पोचला असता.

रेसच्या पहिल्या चढाला पुण्याच्या पोरांना मागं टाकलं. महागड्या सायकली त्यांच्या. दादानं आपल्या माउंटन बाईकला शाळकरी पोरांसारखी ट्रिंग ट्रिंग घंटी लावलेली, तिला ते सकाळीच हसले होते. वर पोचून मी दोन्ही हात वर करून ओरडलो.

मग उतार आला.

तेव्हा लक्षात आलं, आमी फक्त चढायचं शिकून आलोत.

मी दोन्ही ब्रेक मुठीत आवळले. जळका वास सुटला. मागचं चाक सरकलं आणि मी झुडपात. उठलो, परत आवळले, परत पडलो. दादाची गतही तीच. सगळी रेस आमच्या बाजूनं खाली निघून गेली. टाइम संपता संपता कसेबसे पोचलो.

कॅम्पवर मी हेल्मेट फेकलं. म्हटलं, सकाळची एसटी धरतो, मला न्हाई करायचं.

दादानं जेवणाचं ताट घेतलं आणि सरळ त्या पुण्याच्या पोरांच्या तंबूत जाऊन बसला. हसत परत आला.

मी म्हटलं, लाज न्हाई वाटत का? हसले होते ते आपल्याला.

"मास्तर हाय मी. येत नसलं तर इचारा, हेच तर सांगतो की पोरांना दिवसभर."

दुसऱ्या दिवशी उताराच्या तोंडावर त्यानं मला थांबवलं. माझी बोटं इतकी आवळलेली की त्यानं एकेक करून सोडवली.

"एकच बोट ठेव. बाकीची हँडलला दे. बूड मागं. आन् दरीकडं बघू नको, माझ्या पाठीकडं बघ."

"आन् पडलो तर?"

"मी खालीच हाय की."

घंटी वाजवली आणि सुटला. त्याच्या पाठीवर नजर ठेवून मी बी सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागं, न भांडता.

शेवटच्या दिवशी आमच्या मागं फारसं कुणी उरलं नव्हतं. पण जोडीनं पोचलो. मावशीचा पाय पक्का झाला.

परत येताना गाडीत एकदाचं विचारलं. ऋतुजाबद्दल.

"तिला इचार. माझी सही घ्यायला ती काय रजेचा अर्ज हाय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "न्हाई म्हणली तर भांडायचं न्हाई. तिथंबी एकच बोट."

विचारलं. ती म्हणाली, "बघू."

बघू म्हणजे नाही नव्हे.

दादाच्या तेराव्याला सखुमावशी आल्या. ऑटो गल्लीच्या तोंडाशी सोडला. कुणाला हात धरू दिला नाही. नव्या पायावर चालत फोटोपर्यंत गेल्या.

"बगा, मास्तर."

एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जाताना पप्पा माझ्याशी बोलले.

परवा यंदाची रेस. या वेळी पालमच्या एका ताईंसाठी. शिलाईकाम करतात, मशीनला पाय लागतो.

जोडीचं काय, म्हणून लय जणांनी विचारलं.

सहा महिन्यांमागं ऋतुजा दारात उभी राहिली. दादा उभा होता तिथंच. "दादाच्या सायकलवर मी बसणार. टायर बांध. आन् रेस होईपर्यंत दुसरं कायबी बोलायचं न्हाई."

बरं म्हटलं. रेसनंतरचं ती काही बोललेली नाही, हे मी नीट ऐकलंय.

तेव्हापासून त्याच टेकड्यांवर जातो. वर पोचलो की टायर सोडून ठेवतो आणि बसून खाली येतो. ती माझ्यापेक्षा सुसाट उतरते. रेस पुरी होणार. कुणी शंका काढू नका.

दादा, श्रद्धांजलीचं मोठं मोठं लिहायला मला जमत न्हाई. तू पुढं गेलायस, खाली थांबलायस, एवढंच मी धरून चाललोय. येतो.

रस्त्यावर घंटी वाजायलीय. तुझीच. ती काढायची न्हाई, असं तिनं सांगून ठेवलंय.

हेल्मेट घेतलं. दार ओढून घेतो.

निघालो.