बाबांची बडीशेप आणि कॅथारांचे किल्ले

मी संशयी आहे, असं माझा नवरा लग्न झाल्यापासून म्हणतो. असणारच! सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे मी. चांगल्या चाललेल्या गोष्टीत खोट शोधायचाच मला पगार मिळतो.

म्हणून यंदा पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला आलेले बाबा म्हणाले, "अशू, ते नायगारा-बियगारा राहू दे. फ्रान्समधले कॅथारांचे किल्ले दाखव," तेव्हा आनंद झाला, पण कान टवकारले. वीज खात्यातून रिटायर झालेले माझे बाबा गडवेडे. सह्याद्री त्यांनी पायाखाली घातलाय, तेव्हा हौस समजू शकते. पण युरोपचा व्हिसा ते पुण्याहूनच घेऊन आलेले! म्हणजे बेत आधीच शिजलेला. त्यात आई पटकन म्हणाली, "तुम्ही दोघंच जा, मी इराजवळ थांबते." एरवी बाबांना एकट्याने दुधाची पिशवी आणू न देणारी ही बाई. आणि एअरपोर्टवर निरोप घेताना तिने दोनदा विचारलं, "डबी घेतली ना?"

"कसली डबी गं?"

"बडीशेपेची," दोघं एकदम म्हणाले. माझी लेक इरा वैतागली, "Mamma, stop interrogating them!"

तर तुमच्यासाठी कामाचं: आमच्या जवळच्या रालेहून तिकडच्या तुलूझला थेट फ्लाइट नाही, पॅरिसला बदलावी लागते. तिकडे गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, नाहीतर गिअर बदलत घाट चढावे लागतील. आपल्या भारतीय पासपोर्टला व्हिसाची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, तेव्हा लवकर हालचाल करा.

पहिला मुक्काम कार्कासोन. तटबंदीचं गाव चित्रातल्यासारखं आहे, म्हणून मला तेही संशयास्पद वाटलं. बरोबरच होतं, बरीचशी डागडुजी अलीकडची निघाली. पुढचंही सांगून ठेवते: "कॅथार किल्ला" अशी पाटी दिसली की लगेच भाळू नका. आज दिसणारे बरेचसे बुरूज कॅथार संपल्यावर फ्रान्सच्या राजाने बांधलेले आहेत.

शाकाहाऱ्यांचे हाल असतात. कासुले नावाचा पदार्थ दिसतो आपल्या राजम्यासारखा, आत निघतं बदक. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद. आम्ही बकरीच्या चीजचं सॅलड, ब्रेड आणि सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी यावर दिवस काढले.

"आपण तेव्हा असतो तर लगेच पकडले गेलो असतो," बाबा ब्रेडला चटणी लावत म्हणाले. कॅथार हे मध्ययुगातले वेगळ्या मताचे ख्रिस्ती. हे जग देवाने नाही, सैतानाने घडवलंय, असं मानणारे. त्यांचे व्रतस्थ लोक मांस, अंडी, दूध काही खात नसत. पोपने त्यांना पाखंडी ठरवलं, त्यांच्यावर फौजा आल्या आणि पाठोपाठ चौकशी करणारे आले. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली करायची. संशयिताला सांगायचं, शपथ घे. त्यांच्या धर्मात शपथ घेणं पाप, त्यामुळे जो घेत नाही तो सापडला.

"मग खोटी घ्यायची आणि सुटायचं!" मी म्हटलं.

"सगळ्यांना नाही जमत ते," बाबा म्हणाले. त्यांनी डबी काढली, चिमूटभर काहीतरी तोंडात टाकलं आणि तोंड मिटून बसले. माझं डोकं चालू झालं. बडीशेप लोक चावतात की नाही? आणि मराठी माणूस समोरच्याला न विचारता एकटा बडीशेप खाईल?

दुसऱ्या दिवशी पेरपेर्तूझ. कड्यावर जहाज अडकल्यासारखा किल्ला, वारा असा की टोपी गेली ती गेलीच. बूट चांगले घाला, दगड गुळगुळीत झालेत. प्रत्येक किल्ल्याला वेगळं तिकीट आहे, पण इथे एक पैसाही वाया जात नाही. बाबा प्रत्येक पाटीपाशी थांबून वाचत होते. पाट्या फ्रेंचमध्ये. बाबांना फ्रेंच येतं? डोंबल!

वर पोचल्यावर मी वाट पाहत राहिले. कुठल्याही गडाच्या माथ्यावर बाबा छाती भरून गर्जना करतात, लहानपणी मला त्याची लाज वाटायची. इथे काहीच नाही.

"काय बाबा, आवाज कुठे गेला?"

"लोकांचा गड आहे. आपण कशाला ओरडायचं?"



तिसऱ्या दिवशी माँसेग्यूर. इथेच कॅथारांचा मोठा वेढा पडला होता. गड पडल्यावर सांगण्यात आलं, धर्म सोडा आणि घरी जा. दोनशेहून जास्त माणसांनी नकार दिला आणि ती खालच्या कुरणात जिवंत जाळली गेली. तिथे एक साधा स्मारकाचा दगड आहे. बाबा त्याच्याजवळ टेकले. "तू जाऊन ये वर. मी बसतो."

गडाच्या पायथ्याशी बसून राहणारे बाबा मी जन्मात पाहिले नव्हते.

"तब्येत ठीक आहे ना?"

"उत्तम."

"मग माझ्या गळ्याची शपथ घ्या."

त्यांनी हात उचलला. माझ्या गळ्यापर्यंत आणला आणि खाली घेतला. "हे लोक शपथ घेत नसत, अशू."

"तुम्ही कॅथार नाही! द्या ती डबी."

वर बडीशेपेचा थर, खाली पांढऱ्या बारीक गोळ्या. जिभेखाली ठेवायच्या.

"बायपास सांगितलीय," ते म्हणाले. "पुण्यातच सांगितली होती. तुला कळवलं असतं तर सगळं कॅन्सल केलं असतंस."

"केलंच असतं!" मी एवढ्याने ओरडले की शेजारचं जोडपं दचकलं. "इथे काही झालं असतं म्हणजे? मी काय केलं असतं?"

"एकदा छाती उघडली की पुन्हा गड होईल की नाही कोण जाणे. मला फक्त वर जायचं होतं गं."

आम्ही वर गेलो नाही. त्यांचा हात धरून मी खूप वेळ तो किल्ला खालूनच पाहिला. राग एवढा आला होता की हात सोडायची भीती वाटत होती.

परतीची तिकिटं बदलली. कॅरीत आईला फैलावर घेतलं, तर ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. मी दोघांना घेऊन पुण्याला गेले, ऑपरेशन पार पडलं आणि रजा संपली तशी परत आले. आता मला विचाराल, ट्रिप करावी का? जरूर करा. आईवडिलांना नेणार असाल तर त्यांचे रिपोर्ट आधी मागा, आणि "सगळं नॉर्मल आहे" हे ऐकून गप्प बसू नका.

परवा ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला.

"कसं वाटतंय बाबा?"

"एकदम ठणठणीत!"

"माझी शपथ?"

पलीकडून बारीक आवाज आला, "दुखतंय गं. खोकला आला की जीव जातो."

इतक्या महिन्यांत मी काही न पकडता त्यांनी मला तब्येतीबद्दल सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य. गाडीत बसून मी ढसाढसा रडले, आणि फार बरं वाटलं.