एका कपाची खुर्ची

माझा मामा खुर्च्या दुरुस्त करतो. नवीन बनवत नाही, विकत नाही, टेबलाला तर हातही लावत नाही. "टेबलावर माणूस बसत नाही," एवढंच कारण देतो. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. पुढे लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास, मागे चहाचा. कॉलेज संपल्यापासून मी त्याच्याकडे गाद्यांच्या खोळी शिवते आणि फुकटचे सल्ले ऐकते.

मामाची एक अट आहे. दुरुस्त झालेली खुर्ची उचलून कोणी चालू लागायचं नाही. आधी गिऱ्हाइकाने तिच्यात बसून एक कप चहा प्यायचा, सावकाश. फोन खिशात, पिशवी जमिनीवर. मामा आपला कप घेऊन समोर स्टुलावर बसतो आणि माणसाकडे बघत राहतो. सुरुवातीला माणूस नुसता कडेला टेकलेला असतो. अर्धा कप झाला की पाठ मागे जाते.

"पाठ टेकली की खरं कळतं," मामा म्हणतो.

खुर्चीचंही आणि माणसाचंही. घड्याळ बघत आत शिरलेले एक वकीलसाहेब असेच पाठ टेकल्यावर आपल्या थोरल्या भावाबद्दल बोलू लागले, ते दुसरा कप संपेपर्यंत थांबले नाहीत. एक बाई तर अधूनमधून धडधाकट खुर्चीच घेऊन येते. मामा मुकाट्याने एक खिळा ठोकतो आणि चहा सांगतो.

चहा सांगतो म्हणजे पडद्याकडे तोंड करून ओरडतो, "दोन!" पडद्यातून मामीचा हात दोन कप पुढे करतो. आपला तिसरा ती ओट्यापाशी, खिडकीत उभी राहून पिते. गावभरच्या पाठींची काळजी वाहणाऱ्या माझ्या मामाला हे कधी दिसलं नाही. दिव्याखालचा अंधार, दुसरं काय!

परवा मामीने बॅग काढली.

"उद्या लेकीकडे जाते."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू. कदाचित तिकडेच राहीन. इथे माझ्यावाचून काय अडलंय?"

आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच मी शिवण बाजूला ठेवली. मामी ओरडते तेव्हा घरात सगळं ठीक असतं.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याचं डोकं चालतं ते एकाच दिशेला. "अगं, हिला बसायला खुर्चीच नाही! खुर्च्यांच्या दुकानात!" त्याने हातातली सगळी कामं बाजूला सारली. रात्रभर बसून एका जुन्या खुर्चीतून स्वयंपाकघरात मावेल अशी, बिनहाताची, बुटकी खुर्ची तयार केली. गादी माझ्याकडून दोनदा उसवून घेतली. मग मामीला तिच्यात बसवलं, हातात कप दिला आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

"सांधा वाजत नाही ना?"

"नाही."

"आणि पाठीला?"

"छान आहे हो."

मामीने चहा संपवला, कप विसळला आणि परत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग बॅगेची चेन लावली. बस दुपारची होती.

मामा पडद्याच्या अलीकडे येऊन मटकन बसला. "पाठ टेकली का गं तिने?"

"मला काय विचारतोस? समोर तू होतास," मी म्हणाले. "बघत होतास तो खुर्चीच्या पायांकडे." मी तोंडाने फटकळच आहे, आणि राग आला होता मला. मामी गेली तर या घरात मला कोण ओरडणार?

मामा तसाच उठून आत गेला. पातेलं आदळल्याचा आवाज आला, मग साखरेचा डबा शोधल्याचा. त्याने आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, आणि मी कान बंद करून शिवत नाही.

"बसा ना," मामी म्हणाली.

"नको. तू उभी आहेस तर मीही उभा राहतो. इथून दिसतं तरी काय?"

"आता काहीच नाही." कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "समोर वरच्या मजल्यावर एक बाई राहायची. नाव माहीत नाही. मी कप घेऊन आले की तीही यायची. ती कप उचलायची, मी उचलायचे. मग दोघी प्यायचो. तिला सून आली तेव्हा सुनेला घेऊन खिडकीत उभी राहिली, मला दाखवायला. तुम्ही तापाने फणफणला होतात तेव्हा मी कप उचलला नाही, तर तिनेही आपला खाली ठेवला."

"मग?"

"गेल्याच आठवड्यात घर सोडलं त्यांनी. जायच्या दिवशी आली खिडकीत. रिकामाच हात उचलला. कप खोक्यात गेले असतील."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पडद्याच्या या बाजूला कधी होतात?"

न राहवून मी पडदा बोटभर सरकवला. मामा खिडकीला पाठ लावून, मामीकडे तोंड करून उभा होता. त्याने कप उचलला. थोडा चहा शर्टावर सांडला. त्याचं लक्षच नव्हतं. तो फक्त तिच्याकडे बघत होता.

"अहो, काय हे," मामी म्हणाली. डोळे पुसले आणि तिनेही कप उचलला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "काढा झालाय नुसता."

तेवढ्यात दुकानात गावातले डॉक्टर आले, त्यांची फिरती खुर्ची न्यायला. "आहे का कोणी?" त्यांनी हाक मारली. मामा सवयीने वळला.

"थांबा जरा!" आतून मामी ओरडली, चांगली खणखणीत. "आम्ही चहा घेतोय!"

डॉक्टर थांबले. दुपारची बस मामीला न घेताच गेली.