दोघींची मोटारसायकल

नवऱ्याला लकव्याचा झटका आला तेव्हा मी चौथीच्या पोरांना भागाकार शिकवत होते. आम्ही दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. माझी शाळा घोटीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, एका वस्तीवर. त्याची शाळा त्याच वाटेनं अजून पुढच्या गावात. रोज सकाळी नाशिकच्या इंदिरानगरातून आम्ही त्याच्या मोटारसायकलवर निघायचो. मला वस्तीवर उतरवून तो पुढे जायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा. इतकी वर्षं मी मागे बसले, पण गाडीचा ब्रेक कुठल्या पायात असतो ते मला माहीत नव्हतं.

त्याच्या शाळेतल्या सरांचा फोन आला. "मॅडम, सरांना जीपमधून नाशिकला नेतोय. तुम्ही फाट्यावर येऊन थांबा." मी पळत सुटले. वस्तीपासून फाट्यापर्यंतची वाट मी तोपर्यंत कधी पायी चालले नव्हते. दगडगोटे, मध्ये ओढा, मग चढ. फाट्यावर पोहोचले तेव्हा जीप पुढे गेली होती. त्याची अवस्था बघून त्यांना थांबवेना, आणि त्यांनी थांबू नये हेच बरोबर होतं. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मी रस्त्याच्या कडेला हात करत उभी राहिले. भाताची पोती भरलेला एक टेम्पो थांबला, त्यानं मला घोटीपर्यंत आणलं. तिथून एसटी. दवाखान्यात पोहोचले तोवर संध्याकाळ झाली होती.

त्याचा जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. सगळंच गेलं असतं तर कदाचित सवय झाली असती. त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, 'बरोबर'. जन्मभर पोरांच्या वह्यांवर लिहिला, फळ्यापाशी उभं राहून म्हटला, तोच शब्द. भूक लागली की बरोबर. लघवीला जायचंय, बरोबर. नको, दुखतंय, पंखा बंद कर, सगळ्याला बरोबर. डोळे वेगळंच सांगायचे आणि तोंडातून तेच यायचं. ते त्याला ऐकू यायचं आणि तो डाव्या हाताची मूठ गादीवर आपटायचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येतील शब्द. कधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मुलगी पुण्याला शिकत होती, परीक्षा तोंडावर होती. माझी रजा संपत आली. तेव्हा नांदगावजवळच्या खेड्यातून माझी धाकटी नणंद आली, कपड्यांची पिशवी आणि बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन. "वहिनी, तुम्ही शाळेत जा. दादाचं मी बघते." तिशीतली बाई, दोन पोरं सासूकडे ठेवून आली होती.

मी शाळेत जायला लागले. एसटीनं घोटी, तिथून भरल्याशिवाय न सुटणारी जीप, फाट्यापासून चालत. रोज उशीर. घरी पोहोचेपर्यंत अंधार. चालताना एकच विचार, की आता फोन आला तर मी पुन्हा तशीच त्या फाट्यावर उभी असेन.

एका रविवारी मी म्हटलं, "मी गाडी शिकते."

नणंद भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "मोटारसायकल?"

स्कूटी मला चालणार नव्हती. आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या एका बाईंनी त्या वाटेवर स्कूटी घालून बघितली होती. ओढ्याच्या दगडांवर खालून खरवडली आणि मधेच रुतली. तिकडे सगळे मोटारसायकलच वापरतात. नवऱ्याची गाडी त्याच्या शाळेतून आणून खाली पार्किंगमध्ये लावली होती, पण ती उंच आणि जड. मी बसले की दोन्ही पायांचे फक्त अंगठे टेकायचे. नणंदेनं मागून धरून ठेवलं तरी गाडी एका बाजूला कलायला लागली आणि आम्ही दोघी ओरडलो.

नवरा काठीच्या आधारानं चार पावलं टाकायला लागल्यावर शोरूममध्ये आम्ही तिघं रिक्षानं गेलो. सेल्समनला काठी टेकत आलेला माणूस दिसला, तरी तो त्याच्याशीच बोलायला लागला. "सर, मॅडमसाठी ना? मग मोपेड बघा. लेडीजला गिअरचं टेन्शन नको."

"बरोबर," नवरा म्हणाला आणि जोरजोरात मान हलवून नाही म्हणू लागला.

सेल्समन गोंधळला. मी म्हटलं, "माझ्याशी बोला. गाडी मला चालवायचीय. हलकी दाखवा, सीट खाली असलेली. खडकाळ रस्ता आहे."

त्यानं तीन गाड्या दाखवल्या. मी प्रत्येकीवर बसून पाय टेकवून बघितले. मला सगळ्या सारख्याच वाटत होत्या, म्हणजे सारख्याच भीतिदायक. नणंद मागे उभी होती. मी म्हटलं, "तू बसून बघ जरा." साडी सावरून ती बसली आणि गाडी तिच्याखाली एकदम शांत झाली. तिनं हँडल थोडं वळवलं, स्टँड पायानं वर केला. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं डाव्या हातानं त्या गाडीच्या टाकीवर दोनदा थापटलं. तीच घेतली.

नवऱ्याची जुनी गाडी विकली. ती न्यायला माणूस आला तेव्हा नवरा गॅलरीत खुर्चीवर होता. मी त्याला आत यायला सांगितलं, तो आला नाही. खाली किक मारल्याचा आवाज आला, गाडी एका किकमध्ये सुरू झाली आणि कोपऱ्यावरून गेली. तो मला काहीतरी सांगायला लागला. 'बरोबर' पलीकडे काही येईना. मी अंदाज करत राहिले, पाणी का, औषध का, गाडीच्या आरशाला लावलेला देव काढायचा राहिला का. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला काय म्हणायचं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शिकाऊ लायसन्स निघालं आणि कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानावर आम्ही पहाटे जायला लागलो. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नवरा, काठी मांडीवर. शिकवणार तोच होता. डावा हात वर म्हणजे क्लच सोड, खाली म्हणजे दाब. आणि मी काहीही केलं तरी, "बरोबर!"

मला जमेना. क्लच सोडला की गाडी उसळी मारून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हाताकडे लक्ष दिलं की पाय विसरायचा, पायाकडे दिलं की हात. रोज वर्गात मी पोरांना सांगते, घाबरू नका, एकदा समजलं की सोपं असतं. इथे मला सगळं समजत होतं आणि काही येत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी गाडी कलंडली, मी खाली आणि पोटरीला सायलेन्सर. चर्रकन भाजलं. नवरा खुर्चीतून उठायला गेला, काठी निसटली, तोही खाली बसला. एकाच वेळी आम्ही दोघं जमिनीवर. नणंदेला कळेना आधी कुणाकडे धावावं. ती गाडीकडे आली. "दादा बसलाय नुसता, तुमच्यावर गाडी हाय," म्हणाली.

गाडी तिनं एकटीनं उभी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, मी बघू का एकदा चालवून?"

साडीचा काष्टा मारून ती बसली. क्लच दाबला, गिअर टाकला आणि इतक्या हळू सोडला की गाडी निघाल्याचं आधी मला कळलंच नाही. मैदानाला एक फेरी, मग दुसऱ्या गिअरात दुसरी. तिसऱ्या फेरीला तिनं ओरडून विचारलं, "थांबू कशी?" आणि उत्तर यायच्या आत थांबलीसुद्धा.

"कुठे शिकलीस गं?"

"कुठं नाय. मागं बसून बसून बघितलं. मालकांचा हात कुठं जातो, पाय कुठं जातो."

मागे बसून मीही इतकी वर्षं गेले होते. मी तेव्हा मोबाईल बघायचे, नाहीतर डुलक्या घ्यायचे.

मग तीच मला शिकवायला लागली. मागे बसायची आणि माझ्या डाव्या हातावर आपला हात ठेवायची. "सोडू नका, वहिनी. थोडं. अजून थोडं. आता गाडी थरथरली ना, तिथंच धरा." तिच्या हाताखाली माझा हात शिकला. घरी आल्यावर ती फडक्यानं गाडी पुसायची, चाकांमधली मातीसुद्धा काढायची. मी म्हटलं, "तुझंही लायसन्स काढू." ती म्हणाली, "माझं आधार कार्ड गावाला हाय, मालकांकडं." मग जरा वेळानं, "काढून तरी काय करू?" आणि हसली.

एक दिवस तिनं भाजी आणायला म्हणून माझ्याकडे चावी मागितली. लायसन्स नाही हे मला माहीत होतं. मी दिली. ती कॉलनीतल्या कॉलनीत जाऊन आली, पिशवी हँडलला अडकवलेली, तोंड लालबुंद. सोफ्यावर बसून राहिली, भाजी निवडायलाही उठली नाही. "एकटीच होते वहिनी," एवढंच म्हणाली.

कांद्याच्या लागवडीला तिचा नवरा तिला न्यायला आला. माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याच्या पायाशी बसून त्यानं त्याचे पाय दाबले, त्याची अवस्था बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा झाल्यावर मी म्हटलं, "पाहुणे, बायको काय शिकलीय ते बघा तरी." तिला नको होतं, पण डोळ्यांत हौस मावत नव्हती. आम्ही सगळे खाली उतरलो. तिनं गाडी काढली, गेटपर्यंत नेली, वळवून आणली. समोरच्या बिल्डिंगमधले दोघं-तिघं बघत उभे राहिले.

"उतर खाली," तो हळू आवाजात म्हणाला. "लोकं बघत्यात."

ती उतरली. वर आल्यावर मी म्हटलं, "तुमच्याकडे गाडी आहे. पोरांची शाळा आहे, दवाखाना आहे. चालवू द्या की तिला."

"मॅडम, तुमचं वेगळं हाय. तुम्हाला नोकरी हाय." तो खरोखर समजावून सांगत होता. "तिला कुठं जायचंय? मी हाय ना न्यायला. आन् आमच्या गावात बाईनं मोटारसायकल चालवली तर मला तोंड दाखवता यायचं नाय."

तिचं घर, तिचा संसार. माझ्यासाठी ती सगळं सोडून आली होती आणि तिच्या बाजूनं बोलायला मला दोन वाक्यांच्या पुढे काही सुचलं नाही. नणंद दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी बोलावं असं तिला वाटत होतं की बोलू नये असं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना.

तेवढ्यात नवरा काठी घेऊन उठला. बहिणीकडे बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं. ओठ वाकडे होत होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. त्याला काय म्हणायचंय ते मला आणि तिला लख्ख कळत होतं. मी मनात म्हणत होते, येऊ दे, एकदा तरी येऊ दे.

"बरोबर," तो म्हणाला. "बरोबर. बरोबर!"

"बघा," पाहुणे म्हणाले, समाधानानं. "दादासुद्धा बरोबर म्हणत्यात."

नवऱ्यानं काठी फेकली. ती टीपॉयला लागून पडली. पाहुण्यांनी ती उचलून अदबीनं त्याच्या हातात दिली. मी म्हटलं, "अहो पाहुणे, तसं नाही म्हणायचंय त्यांना." पण मग कसं, ते सांगायच्या आत नणंदच म्हणाली, "जाऊ द्या वहिनी. बस चुकंल." आणि पिशवी उचलून बाहेर पडली. जाताना तिनं भावाच्या पायांवर डोकं ठेवलं, ते जरा जास्त वेळ.

त्यानंतर मी एकटीच. आता मी एसटीनं घोटीला जाते. तिथे ओळखीच्या एका दुकानदाराच्या मागच्या अंगणात गाडी लावलेली असते. तिथून वस्तीपर्यंत गाडीनं. पहिल्याच आठवड्यात ओढ्यात गाडी आडवी झाली. मी उचलायचा प्रयत्न केला, हलली नाही. पाण्यात उभी राहून कुणीतरी येण्याची वाट बघितली. शेतावर निघालेल्या दोघांनी ती उभी करून दिली. "मॅडम, तुम्हाला झेपल अशी घ्या ना," म्हणाले. शाळेत पोहोचले तेव्हा पोरं ओट्यावर बसून माझी वाट बघत होती.

पडणं आता कमी झालंय, पण चढावर अजून धडकी भरते. नवरा घरी एकटा असतो. दार लोटून घेतलेलं असतं, शेजारच्या काकू मधूनमधून डोकावतात. शब्द तीन-चार आलेत. त्यांत माझं नाव नाही, मुलीचं आहे.

नणंदेचा फोन येतो. भावाची चौकशी झाली की लगेच, "गाडी कशी हाय? चेनला तेल घातलं का? चढाला पहिल्यात टाका हं, दुसऱ्यावर ओढू नका." मी सगळं सांगते. एकदा विचारलं, तुझं कसं चाललंय? म्हणाली, "दुपारी मालक झोपल्यावर गाडी उभीच असती अंगणात. चावी त्यांच्या खिशात." मग पलीकडे कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

मी पाहुण्यांना फोन करून म्हटलं, तिला पाठवा थोडे दिवस, भावाला तिच्या हातचं जेवण जातं. खोटं नव्हतं ते. ते म्हणाले, "पाठवतो की. कांदे निघू द्या." कांदे निघाले. मग म्हणाले, पोरांच्या परीक्षा होऊ द्या. त्याही झाल्या. आता मीच परत फोन करायचं टाळते, कारण ते नाही असं कधीच म्हणत नाहीत.