मालवण आलं की काटा डावीकडे

खारेपाटणच्या बाबीने मला फसवलं. नाव मी इथे बदललंय, माणूस तोच. जुन्या आगबोटीवरचं अस्सल यंत्र म्हणून त्याने मला नक्कल विकली... आणि दोन तास घासाघीस करून घेतली म्हणून मी वर खूश!

मालवणात धक्क्याजवळ माझी खानावळ आहे. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, मला कोणी गंडवू शकत नाही असं समजत होतो. भुताखेतांवर विश्वास शून्य. माझा विश्वास गवंड्याच्या ओळंब्यावर.

यंत्र म्हणजे पितळी अर्धगोल तबकडी, मध्ये लोंबता काटा. बोट ज्या बाजूला कलते, त्या बाजूला काटा सरकतो. भर पावसात आणून भिंतीवर टांगलं. पाऊस सरेपर्यंत काटा सरळ. मग एका सकाळी साडेअकराला तो हळूच डावीकडे गेला आणि वीसेक मिनिटं तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. पंखे बंद केले, दार लावलं. शेवटी शेजारी ओळंबा टांगला — ओळंबा सरळ, काटा डावीकडे!

बिघाड असेल म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटेच मागचं झाकण उघडलं. आत चकचकीत नवे स्टार स्क्रू. डोकंच फिरलं. तडक खारेपाटण गाठलं.

"बाबी, माका येडो समजलंस?"

"ओरडतंस कित्याक? तू गिऱ्हायकांका कालचो बांगडो ताजो म्हणान वाढतस, तां चलता? नको तर परत आण."

त्याच्या दुकानात तसलीच आणखी सहा यंत्रं होती. साडेअकरा वाजेपर्यंत मुद्दाम थांबलो. सगळे काटे सरळ.

दुसऱ्या दिवशी परत न्यायला यंत्र काढणार, तेवढ्यात हसनचाचा चहाला आले. मुंबईहून मालवणला येणाऱ्या जुन्या आगबोटीवर, ती भंगारात जाईपर्यंत, ते खलाशी होते. यंत्र परत द्यायचंय एवढंच मी सांगितलं, काट्याचं काही बोललो नव्हतो. काटा सरकला आणि चाचांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मालवण इला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बोट धक्क्याक लागा नाय रे, बाहेरच नांगरायची. होड्ये दिसले काय सगळी माणसां जमनीच्या बाजूक धावत. बोट अशी कलायची! बोटीवरचो सारंग वरसून वरडायचो, 'मागे सरा रे, मालवण खंय पळान जाता?'"

"पण डावीकडेच?"

"मुंबयसून येताना जमीन डाव्या हाताकच."

"आणि पावसात सरळ होता तो?"

"पावसात बोट बंद. इतकी वर्सां चलली ती. मोडली तेवा माका एक खिळो सुदीक गावाक नाय. ह्यां परत देव नको."

"चाचा, ह्यां खोटा आसा. नवीन."

"काटो तुका विचारून कलता?"

मी बाबीला फोन लावला. पितळ कुठलं? म्हणाला, "भंगार वितळवन ओतललां. खंयचा तां कोण लिवन ठेयता?"

तेव्हापासून हसनचाचा रोज साडेअकराला येतात आणि उजवीकडच्या खुर्चीत बसतात. म्हणतात, कोणीतरी ह्या बाजूक व्हयो. हे काय आहे, मला अजून कळलेलं नाही. ओळंबा तिथेच टांगलेला आहे, कोणीही येऊन बघावं.

बाबी, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. नक्कल विकलीस ते सोडून दे, यंत्र परत मिळणार नाही. पण ते पितळ कुठल्या बोटीचं, ते शोध, मालवणात ये आणि चाचांच्या समोर बसून सांग. मी थांबेन रे. ते ऐंशीच्या पुढे गेलेत.