बिननावाचं कुत्रं

स्तानोय्का मावशीनं आजवर एकेचाळीस कुत्री लोकांच्या गळ्यात मारली, पण "कुत्रं घ्या हो" असं एकदाही कुणाला म्हटलं नाही. बाजारात नाहीतर बसथांब्यावर सापडलेलं पिल्लू ती घरी आणायची, न्हाऊमाखू घालायची, जंतांचं औषध पाजायची. मग एखाद्याच्या फाटकाशी उभी राहून साळसूदपणे म्हणायची, "बिचाऱ्याला नाव नाही रे. तू एक सुचव ना."

झालं. आमच्याकडे मुलाचं नाव आईबाप नाही, कुम ठेवतो, म्हणजे त्या घरानं मानलेला धर्मबंधू. कुम व्हायला कुणी नाही म्हणत नाही, आणि एकदा झालात की ते नातं सख्ख्या भावाहून वरचढ. कुत्र्यालाही हाच नियम लागू आहे असं कुठल्या धर्मगुरूनं सांगितलेलं नाही. पण आपण नाव ठेवलेलं कुत्रं उपाशी फिरताना माणसाला बघवत नाही, हे शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढणाऱ्या या बाईनं बरोबर हेरलं होतं. आठवड्याभरात कुत्रं कुमाच्या अंगणात जायचं. मीच दोनदा फसले. स्वतः मात्र तिनं एकालाही नाव दिलं नाही. म्हणायची, नाव दिलं की ते माझंच होणार, मग पुढच्याला कुठे ठेवू?

यंदा मिरच्या भाजायच्या दिवसांत तिला बेचाळिसावं मिळालं, रिकाम्या खोक्यात झोपलेलं. पावाएवढं, एक पाय वाकडा, खालचे दात बाहेर. देखणेपणाच्या नावानं आनंदच होता. त्यातच तिच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. कुत्र्यांपायी तिनं ती दोनदा पुढे ढकलली होती. या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता आली नाहीस तर जन्मभर चाकाच्या खुर्चीत बसावं लागेल. मावशीनं मला तितक्याच स्पष्टपणे सांगितलं, की याला घर मिळाल्याशिवाय ती जाणार नाही.

हातात दहा दिवस होते, आणि गल्लीत कुत्रं नसलेलं घर एकच उरलं होतं, वुकोमानचं. हा रेल्वे फाटकावरचा निवृत्त माणूस. उभा जन्म गाड्या येईपर्यंत लोकांना अडवण्यात गेला, त्यामुळे नकार द्यायची सवय हाडात मुरलेली. शिवाय मावशीची युक्ती तो ओळखून होता.

पहिल्याच सकाळी त्यानं कुंपणावरून बजावलं, "नाव सोडून काय हवं ते विचार."

मग मावशी रोज काठी टेकत, कुत्र्याला घेऊन त्याच्या दारावरून जाऊ लागली. हवापाण्याच्या गप्पा, त्याच्या आलुबुखारांच्या दारूची तारीफ, आणि मध्येच, "याच्या तोंडाकडे बघून काय आठवतं रे तुला?" वुकोमान म्हणायचा, काही आठवत नाही. कुत्र्याला तो "ते" म्हणायचा, फार तर "हे". पाचव्या दिवसापासून त्याच्या पायरीवर उकडलेल्या काळजाची वाटी दिसू लागली. मी विचारलं तर म्हणाला, मांजरासाठी आहे. त्याच्याकडे मांजर नाही.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मावशीची पिशवी भरलेली नव्हती, आणि मी तिच्या अंगणात उभी राहून तिच्याशी भांडत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. वुकोमान आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, दारूची बाटली घेऊन, कुणाच्या घरी कुमाला बोलवायला जावं तसा.

"स्तानोय्का," तो तिच्या पायाशी बसलेल्या पिल्लाकडे बघत म्हणाला, "माझ्या घरी कुत्रं आलंय. वाकड्या पायाचं आहे. त्याला कुम पाहिजे. तू हो."

मावशीचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. एकेचाळीस वेळा लोकांना घातलेला फास तिच्याच गळ्यात आला होता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. ती म्हणाली, परत आल्यावर बघू.

"आल्यावर नाही. आत्ता नाव ठेव." वुकोमान खाली बघत बोलत होता. "वर्षाच्या सणाला कुम दारात आलाच पाहिजे. नाव ठेवून जा, म्हणजे यावंच लागेल तुला."

मावशी कशीबशी वाकली, कुत्र्याच्या कानाला ओठ लावले आणि ताठ झाली.

"ऐकू नाही आलं," वुकोमान म्हणाला.

"ज्याचं त्यानं ऐकलं. तुला आल्यावर सांगेन."

तो चिडला, पण कुत्र्याला काखेत मारून घेऊन गेला. संध्याकाळभर कुंपणापलीकडून त्याचा आवाज येत होता. ठिपक्या? लांडग्या? सरदार? एकाही नावाला कुत्र्यानं मान वळवली नाही.

सोमवारी चाचाकच्या दवाखान्याच्या वाटेवर गाडी चालवताना मी मावशीला म्हटलं, मला तरी सांग काय नाव ठेवलंस.

"काही नाही ठेवलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नुसता श्वास सोडला त्याच्या कानात. गुदगुल्या झाल्या असतील."

"त्या माणसाला फसवलंस?"

"मी तिथल्या तिथे गेले तर? नाव ठेवलं आणि कुम आलाच नाही, असं नको व्हायला त्या पिल्लाचं." तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. "भीती वाटते गं मला."

तिला भीती वाटते असं तिनं याआधी कधी कबूल केलं नव्हतं. मी गाडी हळू चालवली.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. तेवढ्या वेळात वुकोमानचे चार फोन आले. दर वेळी त्यानं फक्त नाव कळलं का एवढंच विचारलं. तिचं कसं आहे हे एकदाही विचारलं नाही, आणि मी सांगितल्याशिवाय फोनही ठेवला नाही.

मावशीनं डोळे उघडले तेव्हा तिचे ओठ सुकले होते. मी चमच्यानं पाणी पाजलं. तिनं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पांघरुणाखाली पायाची बोटं हलवून बघितली.

"आता नाव शोधायला लागणार गं," ती म्हणाली.