टेबलाखालचा मुक्काम

मावशी भूकंपमापन केंद्रात कामाला होती. तिथे जरा धाडधाड चाललं तरी यंत्राची सुई कागदावर नाचायची. त्यामुळे ती घरातही दबक्या पावलांनी फिरे आणि भल्याभल्यांना दचकवत असे. घरचे तिला ‘मांजर’ म्हणत. तिला त्याचा कोण अभिमान!

एकदा जमीन हलली. चार पेले फुटले, एवढंच. पण तिच्या भाचीने असा धसका घेतला की घरात पाऊल टाकेना. जेवण अंगणात, झोप अंगणात. त्यात थंडीचे दिवस. पोरीला खोकला झाला. “काही होत नाही गं,” असं सांगून सगळे थकले, पोर ढिम्म!

मावशीला अशी खोटी समजूत घालणं मुळीच पटेना. तिने भाचीला दाराशी बोलावलं आणि आतलं जड कपाट ढकलायला घेतलं. कपाट जागचं हलेना. आणखी जोर लावला, तसं ते एकदम खर्रकन सरकलं. आतली भांडी खडखडली.

“जमीन अखंड नसते,” मावशी धापा टाकत म्हणाली. “खडकांचे प्रचंड तुकडे एकमेकांना खेटून असतात. आपली नखं वाढतात ना, तितक्या सावकाश ते सरकतात. कडा अडकतात, ताण साचत जातो. मग या कपाटासारख्या त्या एकदम सुटतात. तो हिसका जमिनीतून लांबवर पसरतो नि घरं हलतात.”

“परत कधी हलणार?”

“ते कुणालाच सांगता येत नाही, मलासुद्धा. पण हललं की मजबूत टेबलाखाली शिरायचं आणि त्याचा पाय घट्ट धरायचा.”

भाचीने आतल्या टेबलाकडे पाहिलं. “मग मी टेबलाखालीच राहते.”

झालं! अंगणातलं बिऱ्हाड टेबलाखाली आलं. पोर घरात तरी आली, मावशीला तेवढ्यानेच हायसं वाटलं.

दोनच दिवसांनी, भर दुपारी खिडक्या थरथरल्या. मावशीची खोड अशी, की धक्का बसला की मनगटावरचं घड्याळ बघत सेकंद मोजायचे. आताही ती भिंतीवरच्या फळीखाली तशीच उभी!

“मावशी, आत ये!” भाची टेबलाखालून झेपावली, तिने मावशीचा हात धरला आणि तिला खाली ओढलं. फळीवरचा पितळी डबा मावशीच्या जागी दाणकन आदळला. दोघी एकमेकींना बिलगून बसल्या. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या वेळाने केंद्रातून साहेबांचा फोन आला. “तुमच्याकडे किती सेकंद जाणवलं?”

“नाही मोजले, साहेब,” मावशी म्हणाली. “मला टेबलाखाली ओढून नेलं होतं.”