हातावरची जखम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला सांगते — पण ऐकून माझी कीव करायची नाही, एवढं आधीच बजावते.

पिंपरीत औषधाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. भाऊ तिथं बांधकामावर होता. चाकणजवळचं सासर सोडून मी त्याच्याकडे आले, ती सोललेली पाठ घेऊन. नवरा बैलाच्या कासऱ्यानं मारायचा. मारून झालं की सासू — आत्याबाई म्हणायचे मी त्यांना — दार लावून माझ्या पाठीला हळद-तेल लावायच्या. बोलायच्या काही नाहीत. हात मात्र हलका होता.

पिंपरीतही तो पाठ सोडेना. विहिरीवर जावं तर समोर उभा. "घरी चल, न्हाईतर हितंच आडवी करीन." मी सरळ खेडच्या मामलेदार कचेरीत अर्ज दिला — यानं माझ्या वाटेला जाऊ नये, असा जामीन लिहून घ्या. बाईनं नवऱ्यावर अर्ज केला! भावकीचं नाक कापलं गेलं म्हणे. माझी पाठ फाटत होती तेव्हा ते नाक कुठं होतं?

मामलेदार म्हणाले, "मार कुठं लागलाय, दाखव." कचेरी पुरुषांनी भरलेली. पाठ कशी दाखवणार? तुम्ही दाखवली असती? मी मान खाली घातली. कुणीतरी हसलं. आठ दिवसांनंतरची तारीख पडली.

आता सांगतेच. तारखेच्या आदल्या दुपारी, घरात कुणी नसताना, मी विळा घेतला आणि स्वतःच्या हातावर ओढला. कोपराच्या खाली — चारचौघांत दाखवता येईल अशा जागी. दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगितलं, काल आकुर्डीच्या वाटेवर यानं वार केला.

आत्याबाई साक्षीला उभ्या राहिल्या. "काल ह्यो दिसभर माझ्यासंगं कांदं काढत व्हता, सायेब." अक्षर न् अक्षर खरं. मामलेदार म्हणाले, आईच ती, लेकाची बाजू घेणारच. माझ्या हाताकडे बघून त्यांनी वर्षभराचा जामीन लिहून घेतला.

बाहेर पायरीवर आत्याबाईंनी माझा हात धरला, जखम निरखली. "तुझी तूच केलीस व्हय?" मग म्हणाल्या, "पाठीचं सायबाला मला इचारायला लावायचंस की गं. म्या सांगितलं असतं."

मला हे सुचलंच नव्हतं. का नाही सुचलं? मारणाऱ्याची आई, एवढंच मी धरून बसले होते — पाठीवरचा तो हात आठवत असूनही.

नवऱ्यावर खोटा आळ घेतला, त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा विळा उचलेन. पण गावानं खोटं ठरवलं ते आत्याबाईंना. लेकासाठी खोटी शपथ घेतली म्हणून पाणवठ्यावर बायका त्यांच्याशी बोलेनात. हे माझ्या कानावर यायचं. मी गप्प — बोलले असते तर जामीन गेला असता. वर्ष सरलं. नवऱ्यानं दुसरी आणली, मला विसरला. मग तर भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. तरी गप्प. आत्याबाई गेल्या, तरी गप्प.

त्या खरं बोलल्या होत्या. खोटी शपथ माझी होती.